सभापतीला मत नसतं

माझ्या वडिलांना एडिंबरोची पार्लमेंट चावली होती, आणि ते विष सात वर्षांनी न्यू जर्सीत चढलं. दुसऱ्यांचे वडील रिटायर झाले की गुडघे चोळतात, नातवंडांचे लाड करतात, शेअर बाजाराला शिव्या घालतात. आमच्या बाबांचं तसलं काही नाही. ते मुंबईला विधिमंडळ सचिवालयात होते, आणि नोकरीच्या शेवटी शेवटी चार अधिकाऱ्यांना एका अभ्यासदौऱ्यावर स्कॉटलंडला पाठवलं, त्यात ह्यांचा नंबर लागला. दहा दिवस. तेवढ्या दहा दिवसांवर माणसाने उरलेला जन्म काढावा? बाबांनी काढला.

आई गेल्यावर मी त्यांना वेस्ट विंडसरला माझ्याकडे आणलं. तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणाला तोंडी लावायला स्कॉटलंड. "राज्य लंडनचंच, पण स्कॉटलंडला स्वतःची पार्लमेंट. सैन्य, परराष्ट्र असले विषय लंडनने स्वतःकडे ठेवले, शाळा, इस्पितळं ह्यांच्या हवाली केली. एकशे एकोणतीस सभासद. त्र्याहत्तर आपापल्या मतदारसंघातून, छप्पन्न पक्षांच्या याद्यांमधून. म्हणजे ज्याला जितकी मतं त्याला साधारण तितक्या जागा, कुणावर अन्याय नको." इथे ते चमचा खाली ठेवायचे, कारण पुढचा भाग त्यांच्या फार जिव्हाळ्याचा. "आणि सगळ्यात आधी काय करतात? सभापती निवडतात. तो खुर्चीत बसला की त्याने पक्ष सोडायचा. मत द्यायचं नाही. दोन्हीकडे सारखी मतं पडली तरच एक मत, आणि तेही मनातलं नाही. आहे ते तसंच राहू द्यायचं. खुर्चीने काही बदलायचं नसतं, आश्लेषा. बदलायचं ते सभागृहाने."

"हो बाबा. कोशिंबीर घ्या," मी म्हणायचे. मला कुठे माहीत होतं ही बडबड एक दिवस माझ्याच घरावर येऊन पडणार आहे!

आता घर म्हणजे काय, तर मी, बाबा आणि माझी मुलगी रुही, वय वर्षं आठ. माझा नवरा संग्राम नवीन नोकरीसाठी पार दुसऱ्या किनाऱ्यावर, फ्रीमाँटला गेला, सहा महिन्यांत तुम्हाला बोलावतो म्हणाला, आणि तिकडून एक दिवस फोनवर म्हणाला की नकाच येऊ. दोन हजार सहाच्या दिवाळीआधी डिव्होर्सचे कागद झाले. मी रडले बिडले, मग जॉबवर जायला लागले. रुही मात्र गप्प झाली. शाळेत गप्प, घरात गप्प. तोंड उघडायची ते फक्त रविवारी, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत. तिथे तिच्या मैत्रिणी होत्या. तिथे तिला कुणी विचारत नव्हतं, वेअर इज युवर डॅड. आणि गुढीपाडव्याच्या नाटकात तिला मांजरीचं काम मिळालं होतं. चार वाक्यं होती. शॉवरमध्ये ओरडून ओरडून म्हणायची. मी जुन्या काळ्या स्टॉकिंगमध्ये कापूस भरून तिला लांबलचक शेपूट शिवून दिलं होतं, ते लावून ती घरभर फिरायची आणि बाबांच्या पायात लुडबुडायची. माझी पोरगी परत हसायला लागली होती हो. मला जगात दुसरं काही नको होतं.

जानेवारीत शाळा चालवणाऱ्या सुमेधाचा फोन आला. सुमेधाचा आवाज म्हणजे साखरेच्या पाकात घोळवलेला. "अगं आश्लेषा, रागावू नकोस हं. सभासदत्व रिन्यू करताना लक्षात आलं. आपल्याकडे सभासदत्व कुटुंबाचं असतं, आणि नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची मुलं. तू आता पाहुणी ह्या कॅटेगरीत येतेस. कार्यक्रमांना ये ना तू, तिकीट काढून. पण शाळेत फक्त सभासदांची मुलं. हॉलच्या इन्शुरन्सचं लफडं असतं गं."

"म्हणजे संग्राम गेला म्हणून रुही बाहेर?"

"तू असं का म्हणतेस? नियमात बसत नाही, एवढंच. मांजरीचं काम मी अजून कुणाला दिलेलं नाही. बघू या."

डोक्यात अशी तिडीक गेली माझ्या! फोन भिंतीवर फेकणार होते. बाबांनी हात धरला. त्यांचे डोळे चमकत होते. "थांब. हा सभागृहाचा विषय आहे," ते म्हणाले.

सभागृह कुठलं, ते सांगते. आमचं मोठं मंडळ एडिसनला. आम्हा वेस्ट विंडसरवाल्यांना तिकडे जायचा कंटाळा, म्हणून मोठ्या मंडळाने त्याच हिवाळ्यात आम्हाला विभाग काढून दिला. दिवाळीचा मोठा कार्यक्रम आणि बँकेचं खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. शाळा, गणपती, पिकनिक आणि विभागाचे सभासद कोण, हे आमच्या हवाली केलं. झालं, बाबांना काय हवं होतं? आठवडाभर बसून त्यांनी विभागाची घटना लिहिली, अगदी स्कॉटलंडबरहुकूम. तेरा जागा. सात वेगवेगळ्या वस्त्यांमधून, सहा याद्यांमधून. आधी सभापती, मग सभेने निवडलेला प्रमुख. लागोपाठ तीन सभा चुकल्या की जागा रिकामी, आणि यादीतली जागा असेल तर निवडणूक नाही, यादीतला पुढचा माणूस आत. सभा भरायची चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. लोक हसले, पण कुणालाही स्वतः काही लिहायचं नव्हतं, म्हणून हात वर करून मोकळे झाले. "तिकडेही सुरुवातीला पार्लमेंट चर्चच्याच हॉलमध्ये भरायची," बाबा प्रत्येकाला थांबवून सांगत होते.

निवडणुकीत दोन याद्या होत्या. एक संध्याताईंची. संध्याताई डॉक्टर, पंचवीस वर्षांपूर्वी आलेल्या लोकांच्या पुढारी. दुसरी श्रीरंगची. श्रीरंग म्हणजे सुमेधाचा नवरा, आयटीवाला, गोरागोमटा, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकून बोलणारा. पासष्टच्या वरच्या माणसांना मंडळात स्वतंत्र सभासदत्व आहे, म्हणून बाबा उभे राहू शकले. संध्याताईंनी त्यांना यादीत पहिलं टाकलं. निकाल लागला. संध्याताईंच्या सात जागा, श्रीरंगच्या सहा, त्यात सुमेधाही. बाबांनी लगेच प्रस्ताव दिला: एक पालक आणि मूल, हेही कुटुंब धरावं. आणि श्रीरंगच्या सहांमधला शंतनू, नागपूरचा तरुण मुलगा, तो मला पार्किंग लॉटमध्ये स्वतःहून म्हणाला, "ताई, माझ्या आईनं एकटीनंच वाढवलं मला. माझं मत तुमचं." म्हणजे आठ विरुद्ध पाच. मी त्या रात्री कितीतरी महिन्यांनी नीट झोपले.

आणि मग श्रीरंग घरी आला. बाकरवडीचा डबा घेऊन, जोडीला सुमेधा. बसल्या बसल्या सुरुवात.

"राजारामकाका, तुमच्याशिवाय त्या खुर्चीला शोभा नाही. आमच्या यादीतले सगळे म्हणतायत, सभापती व्हायचं तर काकांनीच. बिनविरोध."

बाबांची पाठ सरळ झाली. मला कळलं, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

"आणि प्रमुखपद संध्याताईंना देऊन टाकू. आमचा उमेदवारच नाही," श्रीरंग म्हणाला. "आम्हाला फक्त निःपक्षपाती खुर्ची हवी. अहो, एडिंबरो प्रत्यक्ष पाहिलेला माणूस अख्ख्या अमेरिकेतल्या मंडळांमध्ये एक आहे, आणि तो आमच्याकडे आहे!"

सुमेधा तेवढ्यात रुहीला जवळ घेऊन म्हणत होती, "शेपूट दाखव ना मावशीला. अय्या, किती गोड!"

ते गेल्यावर मी दार लावलं आणि बाबांवर तुटून पडले. "बाबा, कळत नाही का तुम्हाला? खुर्चीत बसलात की तुमचं मत गेलं!"

"गेलं तर गेलं. संध्याताईंचे सहा उरतात. शंतनू धरून सात. त्यांचे पाच. मला मोजता येतं, आश्लेषा."

"आणि शंतनू फिरला तर?"

"शब्द दिलाय त्याने."

"अहो, श्रीरंग त्याचा मॅनेजर आहे! त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद श्रीरंगच्या टेबलावर पडलेत!"

"सभागृहातला माणूस टेबल बघून मत देत नसतो," बाबा म्हणाले. बत्तीस वर्षं सचिवालयात काढलेला माणूस हे म्हणतो, म्हणजे बघा! मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "बाबा, रुहीकडे बघा. तिच्यासाठी फक्त एक हात वर करा. नंतर दहा वर्षं बसा त्या खुर्चीत."

त्यांनी बाकरवडीच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुला इथे सगळे ओळखतात. मॅनेजर आहेस, घर आहे, गाडी आहे. मी कोण आहे इथे? रुहीला बसस्टॉपवरून आणणारा म्हातारा. मला ड्राइव्ह करता येत नाही, फोनवर बाई इंग्रजी बोलली तर मला कळत नाही. एक खुर्ची मिळतेय, तर तीही तुला बघवत नाही?"

मी उठून आत गेले. संध्याताईंना फोन केला. त्या तर आनंदाने तरंगत होत्या. "अगं, प्रमुखपद आयतं चालून आलंय! आणि तुझ्या बाबांचा केवढा मान! काळजी करू नको, प्रस्ताव पास होणार," त्या म्हणाल्या. फेब्रुवारीच्या सभेत बाबा बिनविरोध सभापती झाले. मी ऑनलाइन मागवून त्यांना एक लाकडी हातोडी दिली, आता काय करणार, बाप आहे. ती त्यांनी रुमालात गुंडाळून ठेवली.

मार्चच्या पहिल्या रविवारी प्रस्ताव मताला आला. बाहेर बर्फाचा चिखल, आत तळघरात हीटर खडखडत होता. बारा खुर्च्या अर्धवर्तुळात, तिकडच्यासारख्या. समोर बाबा, अंगात तोच एडिंबरोला नेलेला राखाडी कोट. मागे पाहुण्यांच्या चार खुर्च्या, त्यात मी आणि रुही. रुहीच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत शेपूट. पास झालं की लगेच रिहर्सल, असं सुमेधानेच तिला सांगून ठेवलं होतं.

प्रस्ताव संध्याताईंनी मांडला. छान बोलल्या. श्रीरंग उठला आणि म्हणाला की व्यक्तिशः त्याला फार वाईट वाटतं, पण आज हे, उद्या आणखी काही, कुठेतरी रेघ ओढायला हवी. मग बाबांनी हातोडी आपटली. "बाजूने?"

संध्याताईंच्या बाजूचे सहा हात वर आले. मी शंतनूकडे बघत होते. तो बुटांकडे बघत होता.

"विरोधात?"

पाच हात वर आले. मग श्रीरंगने नुसती मान वळवून शंतनूकडे बघितलं. आणि त्या पोराने, जो मला ताई म्हणाला होता, त्याने शेपूट घालून हात वर केला. कोपरापर्यंतच. तेवढा पुरला.

सहा-सहा.

सगळे बाबांकडे बघायला लागले. खरं सांगू? एक क्षणभर मला आनंद झाला होता. म्हटलं, चला, एका परीने बरंच झालं. आता सगळं माझ्या बापाच्या हातात आहे. त्यांनीच लिहिलेला नियम, त्यांचीच नात, समोर बसलेली, मांडीवर पिशवी घेऊन. आपल्या मनाचं मत द्यायचं नाही ही तर नुसती तिकडची प्रथा, आमच्या घटनेत ती एक ओळ बाबांनीच हौसेने घातलेली. ती मोडली म्हणून पोलीस थोडेच येणार होते?

बाबांच्या ओठांची हालचाल झाली. त्यांनी रुहीकडे बघितलं. मी पैजेवर सांगते, ते हो म्हणणार होते.

आणि तेवढ्यात सुमेधा बोलली. "काका, नियमबियम ठेवा बाजूला. तुमच्या नातीचा प्रश्न आहे, आम्ही समजू शकतो. तुम्ही घरचं बघून मत दिलंत तरी आमच्यापैकी कुणी ब्र काढणार नाही हं."

काय बाई आहे! सुरी फिरवावी तर अशी. बाबांची मान ताठ झाली. घरचं बघून मत देणारा म्हटलं ना त्यांना, सगळ्यांच्या देखत. त्यांनी रुहीवरची नजर काढली, समोरच्या भिंतीवर लावली आणि सचिवालयातल्या आवाजात म्हणाले, "मतं समसमान. खुर्चीचं मत प्रथेप्रमाणे. आहे ते तसंच राहील. प्रस्ताव फेटाळण्यात येत आहे."

हातोडी आपटली. मी दिलेली.

श्रीरंगने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "ह्याला म्हणतात सभापती!" सगळ्यांनी वाजवल्या. संध्याताईंनीसुद्धा! ज्यांनी हो म्हणून हात वर केला होता, तेही मेले वाजवत होते.

"पुढचा विषय सभासदांपुरता आहे," बाबा म्हणाले. "पाहुण्यांनी कृपया बाहेर जावं."

पाहुणे आम्ही दोघीच होतो.

जिन्यावर रुहीने विचारलं, "आई, डिड वी विन?"

"नाही."

"बट आजोबा इज द बॉस, ना? व्हॉट डिड ही से?"

"म्हणाले, आहे ते तसंच राहील."

"म्हणजे आय ॲम नॉट द कॅट?"

मी नाही म्हटलं. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. पिशवी छातीशी धरून ती कारमध्ये जाऊन बसली. आणि निघून तरी कसं जायचं, सभापतींना घरी कोण नेणार? सभा संपेपर्यंत आम्ही दोघी पार्किंग लॉटमध्ये हीटर लावून बसून राहिलो. बाबा आले ते हातात कागदी प्लेट घेऊन. त्यात दोन बटाटेवडे.

"घे रुही, तुझ्यासाठी आणले. गरम आहेत."

रुहीने प्लेटकडे बघितलं. "आर दे फॉर मेंबर्स?"

बाबा पुढच्या सीटवर प्लेट मांडीवर घेऊन बसले. मी गाडी रस्त्याला लावली आणि मग माझा तोल गेला. काय वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्ही बाप नाही, तुम्ही फर्निचर आहात. म्हटलं, संग्राम बरा, तो निदान फोनवर बोलला, तोंडावर हातोडी नाही आपटली त्याने.

"मी हो म्हटलं असतं," बाबा हळू आवाजात म्हणाले, "तर तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं, आजोबांच्या मताने आलीस."

"ऐकलं असतं! शेपूट लावून ऐकलं असतं!"

वडे गार झाले.

इथपर्यंत असतं तर मी गिळलं असतं. बापावर किती दिवस रागावणार? पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर रुही खिडकीत बसलेली आणि पिशवी दारामागे रिकामी लोंबकळत होती.

"शेपूट कुठंय?" मी विचारलं.

बाबा पेपरमागून म्हणाले, "सुमेधा येऊन गेली दुपारी. मांजरीचं काम दुसऱ्या मुलीला दिलंय, मला शिवता येत नाही, म्हणाली. आपल्याकडे पडूनच राहणार होतं. मी देऊन टाकलं."

"रुहीला विचारलंत?"

"ती शाळेत होती. आणि कोत्या मनाने वागू नये गं. आपण हरलो तर हरलो."

आपण! मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि सिंकची कडा धरून उभी राहिले. पाडव्याला दुसऱ्याच कुणाची मुलगी ते शेपूट नाचवून आली. सुमेधाने फोटो पाठवले सगळ्यांना, मलासुद्धा. त्या दिवसापासून रुही मराठी बोलायची बंद झाली. माझ्याशी नाही, बाबांशी तर नाहीच. सगळं समजायचं तिला. उत्तर इंग्रजीत. बाबा विचारायचे, "दूध हवं का, राणी?" ती म्हणायची, "आय ॲम गुड." त्यांना कळायचं नाही, गुड म्हणजे हवं की नको.

एप्रिलचा पहिला रविवार आला. बाबा राखाडी कोट घालून, रुमालात हातोडी घेऊन दाराशी उभे. "निघायचं ना?"

मी सोफ्यावर बसून होते. "नाही."

"आज सभा आहे."

"माहीत आहे. गाडी माझी आहे."

"आश्लेषा, सभापतीने गैरहजर राहून चालत नाही."

"मग कुणाला तरी बोलवा न्यायला. बारा जण आहेत. टाळ्या वाजवणारे."

त्यांनी कुणाला फोन केला नाही. मागून घेणं त्यांच्या रक्तात नाही. आणि त्या बारांपैकी कुणी केला का, की काका, का आला नाहीत, बरं नाही का? नाव सोडा! बाबा कोट घालून संध्याकाळपर्यंत खिडकीत बसले. प्रत्येक गाडीला मान वळवत होते. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. खोटं कशाला बोलू?

मेमध्ये ते चालत निघाले. आमच्याकडे रस्त्याला फुटपाथ नाही, गाड्या बाणासारख्या जातात. तासाभराने परत आले, विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. अर्ध्यातून वळले असणार. मी टॉवेल दिला. एवढंच. त्याच आठवड्यात एडिंबरोची नवीन निवडणूक झाली, एका जागेच्या फरकाने तिकडचं सरकार बदललं. लॅपटॉप उघडून दे म्हणाले. मी उघडून दिला. कुणाशी बोलावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. रुही टीव्ही बघत होती, मी भांडी लावत होते. जूनमध्ये त्यांनी कोट घातलाच नाही.

तीन सभा झाल्या. जागा रिकामी. त्यांचाच नियम. यादीतला पुढचा माणूस म्हणजे संध्याताईंचे यजमान, कुमारकाका, निवडणुकीशिवाय आत आले. हे आम्हाला किराणा दुकानात कळलं, डाळींच्या रॅकपाशी. "तुमच्या बाबांची आठवण येते हं सभेत," कुमारकाका म्हणाले आणि तुरीची पिशवी उचलून गेले. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. नियमाप्रमाणे झालं." आणि हातोडी कपाटात ठेवून आले.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, सुमेधाचा फोन. पाक घट्ट झालेला. "आश्लेषा, गुड न्यूज! नियम बदलला! एक पालक आणि मूल, हेही कुटुंब. एकमताने पास!"

"एकमताने?" मी म्हटलं. "श्रीरंगनेही हात वर केला?"

"अगं, त्यानेच तर प्रस्ताव मांडला. त्याची बहीण आलीय ना टेक्सासहून, शिवांगी. तिचं... म्हणजे, ते वेगळे झालेत. छोटा वीर आहे, त्याला शाळेत घालायचंय. बिचारीची फार दया येते गं. आपणच आपल्या माणसांना सांभाळून घ्यायला नको का? रुहीलाही पाठव आता."

मी फोन ठेवला. हसू की ओरडू कळेना. बाबा टेबलापाशी होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आणि त्यांचा चेहरा! कितीतरी महिन्यांनी असा उजळलेला बघितला.

"बघितलंस?" ते म्हणाले. "सभागृहाने बदललं. खुर्चीने नाही. हेच मी म्हणत होतो. थोडा धीर धरायचा असतो."

"त्याची बहीण आली म्हणून बदललं, बाबा."

"कारण काही असू दे. नियमाने झालं ना?" ते उठले, कपाटातून बिस्किटांचा डबा काढला, रुहीच्या आवडीची दोन बिस्किटं बशीत ठेवली आणि ती सुट्टीतला गृहपाठ करत होती तिथे गेले. तिच्याशेजारी वाकून उभे राहिले, गुडघा दुखतो तरी. "रुही, राणी, रविवारपासून तू परत शाळेत. आता तू पाहुणी नाहीस. मोठी मेंबर झालीस. गणपतीच्या नाटकात काम घ्यायचं हं. शेपूट हवं तर मी शिवेन. शिकेन मी. जायचं ना?"

रुहीने पेन्सिल खाली ठेवली. खुर्चीवरून उतरली. पाठ ताठ केली, नजर समोरच्या भिंतीवर लावली, अगदी त्यांच्यासारखी. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा माझी पोरगी मराठीत बोलली, स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता.

"आहे ते तसंच राहील."

आणि टेबलावर मूठ आपटली. बशीतली बिस्किटं उडाली. मग ती बसली आणि पुन्हा गणितं करायला लागली.

बाबा तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांचं एक मत, तिचं एक मत, आणि मधे मी. मला एका शब्दात त्यांना सोडवता आलं असतं. रुही, असं बोलू नये आजोबांशी, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते वाट बघत होते, मला दिसत होतं.

मी गॅसकडे वळले, भाजीवर झाकण ठेवलं आणि आच कमी केली.